पाव इंच माया

आमच्या वार्षिकांकात दरवर्षी एक प्रवासवर्णन असते, दोनतीन कथा असतात, थोरामोठ्यांची चरित्रे असतात, आणि कविता किती असतात ते तर विचारूच नये. कापडाचा हत्ती कसा शिवावा या विषयावर मात्र लेख आलेला मी पाहिला नाही. ग्रंथालयात बसून मागचे जेवढे अंक मिळाले तेवढे चाळले; त्यांत नाही. विषय कोणाला पोरकट वाटेल. तरीही लिहिते, कारण पुस्तकातून नव्हे तर हाताने शिकलेली अशी मला येणारी ही एकच गोष्ट आहे. शिवाय माझी पुस्तके आणि कॉलेजला येण्याजाण्याचा खर्च यांतला मोठा वाटा गेली दोन वर्षे हे हत्ती उचलत आहेत. हत्ती ओंडके उचलतो हे सर्वांनी ऐकले असेल; आमचा हत्ती आठ इंचांचा आहे, त्या मानाने त्याने बरेच उचलले.

आमचे घर तलासरी तालुक्यात, उधव्याच्या बाजूला. बाबा उंबरगावच्या औद्योगिक वसाहतीत रोजावर जातात. आई चौथीपर्यंत शिकली. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. काही वर्षांपूर्वी गावात बायकांसाठी तीन महिन्यांचा शिवणवर्ग निघाला, त्यात आईने नाव घातले. झबले, परकर, पोलके आणि पिशवी एवढाच अभ्यासक्रम. शेवटच्या आठवड्यात बाईंनी उरलेल्या चिंध्यांतून एक ससा करून दाखवला, तोही गंमत म्हणून. आईने तो मागून घरी आणला, रात्री दिव्याखाली बसून त्याची शिवण ब्लेडने उसवली, एकेक तुकडा खाकी कागदावर ठेवून भोवती पेन्सिलीची रेघ मारली, आणि दुसऱ्या दिवशी ससा होता तसा शिवून बाईंना परत केला. कोणतीही वस्तू समजून घेण्याची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही. आमच्या घरच्या सगळ्या प्राण्यांचे मूळ त्या उसवलेल्या सशात आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. कापड सपाट असते आणि प्राणी गोल असतो. सपाटाचा गोल कसा करावयाचा, हाच या कामातला सगळा प्रश्न होय. नवशिके माणूस काय करते? कापडाची दुहेरी घडी घालते, त्यावर हत्तीची आकृती काढते, कापते, आणि दोन्ही तुकडे कडेने शिवून आत कापूस भरते. असा हत्ती होतो, होत नाही असे नाही. परंतु तो उशीसारखा दिसतो. त्याला समोरून चेहरा नसतो, एकामागे एक असे दोनच पाय असतात, आणि तो उभा राहत नाही. भिंतीवरच्या चित्राला हे चालते. आमच्याकडच्या वारली चित्रात माणसाचे अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, आणि बैल नेहमी बाजूने दिसतो. भिंतीवर राहायचे तर जाडी हवी कशाला? खेळण्याला मात्र मुलाच्या हातात जायचे असते, काखेत राहायचे असते, कधीकधी रात्री डोक्याखालीही.

सपाटाचा गोल कसा होतो याचा सर्वांत सोपा पुरावा म्हणजे आमची कोंबडी. कापडाचा एक चौकोन घ्यावा, मधोमध घडी घालावी, दोन कडा शिवाव्यात, झाली पिशवी. आता पिशवीचे तोंड नेहमीसारखे आडवे न शिवता, दोन्ही बाजूंच्या शिवणी एकमेकींवर आणून तोंड उभे धरावे आणि तसे शिवावे. लगेच ती सपाट पिशवी समोशासारखी चार तोंडांची होते आणि जमिनीवर बसते. एका टोकाला लाल चिंधीचा तुरा, शेजारी पिवळी चोच, दोन डोळे, कोंबडी तयार. फक्त शिवणीची दिशा बदलली. भूमितीचा तास शाळेत मला कधी आवडला नाही, पण हे पाहून मी आईला तीन वेळा तेच करून दाखवायला लावले.

हत्तीला एवढ्याने भागत नाही. त्याला चार पाय हवेत, आणि ते मिळतात एका जास्तीच्या तुकड्याने. आम्ही त्याला पोटपट्टी म्हणतो. हत्तीच्या बाजूची आकृती कागदावर काढली की तिच्यात एक पुढचा आणि एक मागचा असे दोन पाय दिसतात. त्या आकृतीचा पोटापासून खालचा भाग दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यावा. मग तो कागद पोटाच्या रेघेवर दुमडून त्याची आरशातल्यासारखी दुसरी प्रत काढावी. कागद उलगडला की चार पाय पसरलेला, वाळत घातलेल्या कातड्यासारखा एक तुकडा हाती येतो. हीच पोटपट्टी. हिचे दोन पाय हत्तीच्या डाव्या बाजूला शिवायचे, दोन उजव्या बाजूला; वर पाठीची शिवण एक करायची. आता प्रत्येक पाय ही एक नळी झाली, आणि हत्तीला पोटाची रुंदी आली. यात एक बारकावा आहे. पोटपट्टीची मधली रेघ सरळ न ठेवता पोटाखाली किंचित आत घ्यावी, म्हणजे पट्टी बाजूंपेक्षा थोडी अरुंद होते आणि पाय आत ओढले जातात. नाहीतर हत्ती चिखलात घसरल्यासारखा पाय फाकून बसतो. पायांना खालून गोल तळवे लावले की तो घट्ट उभा राहतो. कुत्रा, अस्वल, मांजर यांना याखेरीज नाकापासून मानेपर्यंत एक कपाळपट्टी लागते. तिच्यामुळे दोन डोळ्यांत अंतर पडते. एरवी सगळे प्राणी माशासारखे दोन्ही गालांवर डोळे घेऊन फिरतील.

नव्याने शिकणाऱ्याने हत्तीपासूनच सुरुवात करावी असे मी सांगेन. पाय जाड, मान जवळजवळ नाहीच, अंगावर केस नाहीत. हरणाचे पाय भरता भरता रडू येते. हत्तीपासून सुरुवात केल्याचा दाखला मोठा आहे. जर्मनीतील गिएन्गेन गावी मार्गारेट श्टाइफ नावाची शिवणकाम करणारी बाई होती. तिचा जन्म १८४७ चा. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. पाय कायमचे गेले आणि उजवा हात दुखरा राहिला. चाकाच्या खुर्चीत बसून ती शिवणावर पोट भरू लागली. एका फॅशनच्या मासिकात आलेल्या नमुन्यावरून तिने १८८० साली नमद्याच्या कापडाचा लहानसा हत्ती शिवला, आत मेंढीची लोकर भरली. तो होता टाचण्या टोचून ठेवण्याची उशी म्हणून. पण घरोघरची मुले त्या उश्या पळवून खेळू लागली, आणि बाईला कळले की आपण उशी नव्हे, खेळणे केले आहे. पुढे तिचा कारखाना झाला. पुतण्या रिचर्ड याने हातपाय हलणारे अस्वल केले. १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने त्यांतली ३,००० अस्वले मागितली. त्याच सुमारास अमेरिकेत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, त्यावर वर्तमानपत्रात व्यंगचित्र आले, आणि कापडी अस्वलाला त्यांच्या लाडक्या नावावरून ‘टेडी’ हे नाव पडले. आपल्याकडे आता ससा असो की माकड, दुकानात सगळ्यांनाच टेडी म्हणतात. हत्ती त्या सगळ्यांच्या आधीचा, हे मात्र कोणी सांगत नाही.

लेखाला जे नाव दिले आहे त्याविषयी आता लिहिते. कागदाचा नमुना कापडावर ठेवून खडूने रेघ मारतात ती शिवणीची रेघ. कापायचे ते त्या रेघेवर नव्हे, तिच्या बाहेर थोडे अंतर सोडून. या सोडलेल्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात. झबल्याला भरपूर माया ठेवतात. मूल वाढले की शिवण उसवून झबले सैल करता येते. प्राणी काही वाढत नाही, तेव्हा त्याला पाव इंच माया पुरे. यापेक्षा कमी ठेवली तर भरताना कापडाचे धागे सुटून शिवण उघडते. जास्त ठेवली तर तो जादा पदर आत गोळा होतो आणि सोंडेचे वळण दांड्यासारखे ताठ होते. जेथे वळण आत वळते, म्हणजे सोंडेखाली आणि दोन पायांच्या मध्ये, तेथे मायेला कात्रीने बारीक चिरा द्याव्या लागतात, टाक्याच्या अगदी जवळपर्यंत पण टाका न तोडता. चिरा दिल्या नाहीत तर उलटल्यावर कापड आखडते. नमुना कितीही चांगला असो, या चिरांचा आळस केला की हत्ती आजारी दिसतो.

कापड कसेही ठेवून कापू नये. विणलेल्या कापडाला उभा धागा असतो, आडवा धागा असतो, आणि तिरपे धरले की ते ताणते, त्याला उरेब म्हणतात. सोंड आणि पाय उभ्या धाग्यावर कापावेत; उरेब कापले तर भरल्यावर एक पाय लांब आणि एक आखूड होतो. आमच्याकडे कापड येते ते तलासरीच्या शिंपीदादांकडून, चिंध्यांच्या गाठोड्यातून, आणि त्यात धाग्याची दिशा ओळखणे हेच अर्धे काम. कडेचा एक धागा ओढून पाहिला की कळते.

शिवणीचेही असेच. झग्याची शिवण अधूनमधून ताणली जाते. खेळण्याची शिवण रात्रंदिवस ताणलेली असते, कारण भरलेला कापूस आतून सारखा ढकलत असतो. म्हणून धावदोरा येथे उपयोगाचा नाही. मशीन असेल तर टाका बारीक ठेवावा. नसेल तर प्रत्येक टाका पुढे घालून सुई पुन्हा अर्धी मागे आणावी, म्हणजे वरून मशीनसारखी सलग टीप दिसते आणि एक टाका तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. शिवताना पोटाच्या सरळ भागात अडीच इंच तोंड उघडे सोडावे. वळणावर सोडू नये. बंद करताना वेडेवाकडे होते. त्या तोंडातून सगळा प्राणी उलटायचा. पेन्सिलीच्या बोथट टोकाने सोंडेचे आणि पायांचे कोपरे बाहेर काढायचे. हा क्षण मला सगळ्यांत आवडतो. तोपर्यंत हातात चिरा दिलेले, धागे लोंबणारे एक फडके असते. उलटले की एकदम कान, पाठ, पाय ओळखू येतात.

भरायचे काय, यावर आमच्या घरात बरेच प्रयोग झाले. चिंध्या बारीक कापून भरल्या तर हत्ती जड होतो आणि धुतल्यावर दोन दिवस वाळत नाही. भाताचा तूस फुकट मिळतो, परंतु टोचतो आणि त्याला कीड लागते. लाकडाचा भुसा ओल धरतो. आजीने सुचवला सावरीचा कापूस. आमच्या रानात काटेसावरीची झाडे पुष्कळ. उन्हाळ्यात बोंडे फुटली की रेशमासारखा कापूस वाऱ्यावर उडतो. या कापसाचे तंतू आखूड आणि गुळगुळीत असतात, एकमेकांना धरत नाहीत, म्हणून त्याचे सूत निघत नाही. उशा भरायला मात्र तो पूर्वीपासून वापरतात. हलका असतो, पाणी लवकर शोषत नाही. आम्ही एका वर्षी दोन पोती बोंडे जमवली. सरकी वेगळी करताना सबंध घर शिंकत होते आणि बाबा ओटीवर झोपायला गेले. त्या कापसाचे ससे हाताला फार मऊ लागले, पण हत्तीचे पाय काही ताठ राहिले नाहीत. तो दबतो आणि दबलेलाच राहतो. शेवटी आलो ते बाजारात रेक्रॉन म्हणून मिळणाऱ्या पॉलिएस्टरच्या तंतूंवर. तो रानातला नाही, याचे आजीला वाईट वाटले. परंतु आमच्याकडे चार महिने पाऊस आणि वर समुद्राची दमट हवा. ज्याला बुरशी लागत नाही, जो धुऊन एका उन्हात वाळतो आणि दाबला तरी पुन्हा फुगतो, तोच येथे टिकतो. भरताना मोठा गोळा एकदम कोंबू नये. चिमूटचिमूट घेऊन आधी सोंडेचे टोक, मग पाय, मग डोके आणि सर्वांत शेवटी पोट, असा क्रम ठेवावा. मानेपाशी हाताला लागेल इतके घट्ट भरावे. तेथे कसर केली की आठवड्याने डोके खाली पडते. तोंड बंद करताना एक टाका या काठातून आणि एक समोरच्या काठातून असे शिडीच्या पायऱ्यांसारखे टाके घालून दोरा ओढला की शिवण आत जाते, दिसत नाही.

डोळ्यांसाठी बटणे लावू नयेत. दुकानातल्या प्राण्यांना लावतात, सुंदर दिसतात हे खरे. परंतु लहान मूल खेळणे आधी तोंडात घालून पाहते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जगभर एक सोपी कसोटी आहे. सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या लहान नळीत जी वस्तू पूर्ण मावते, ती मुलाच्या घशात अडकू शकते, असे धरतात. कोणतेही शर्टाचे बटण त्या नळीत मावेल. म्हणून आम्ही डोळे काळ्या दोऱ्याने भरतो. दुसरी काळजी टाचण्यांची. आई काम सुरू करताना टाचण्या मोजून डबीतून काढते आणि मोजून परत ठेवते. एक जरी कमी भरली तरी त्या दिवशीचा एकही प्राणी घराबाहेर जात नाही. मोडक्या स्पीकरमधला लोहचुंबक मी खास त्यासाठी काढून ठेवला आहे. तो प्रत्येक हत्तीच्या अंगावरून फिरवणे हे माझे काम.

प्राणी कोणते करावेत याबाबत आजीचे मत आडवे येते. ससा, शेळी, बैल, कोंबडी चालतात. वाघाला मात्र तिची परवानगी नाही. वाघदेवाला नारळ देतात, त्याच्या पोटात कापूस भरतात का, असे ती विचारते. बोर्डीच्या किनाऱ्यावर सुट्टीत येणारी मुंबईची मुले नेमकी वाघच मागतात. अजून तरी आम्ही केलेला नाही.

खेळण्यांचा विचार आमच्या भागाला नवा आहे असे मात्र कोणी समजू नये. ताडगोळ्यांच्या रिकाम्या कवचांची चाके करून गाडी फिरवली नाही असे मूल येथे विरळा. डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत. पण सर्वांत मोठे काम झाले ते बोर्डी आणि कोसबाडला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले; अनुताई वाघ तेथे त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या, आणि १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची साधने लाकडाची, मापात घडवलेली, महागडी. ती आदिवासी पाड्यावर कोठून आणणार? या दोघींनी शिंपले, बिया, खडे, पाने, माती अशा हाताशी असलेल्या वस्तूंची साधने केली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. अंगणवाडी हा शब्द देशाला आमच्या या कोपऱ्यातून मिळाला. १९७५ साली एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तेच नाव सगळीकडे गेले. आमच्या पाड्यावरच्या अंगणवाडीच्या ताईंनी आईला पहिले काम दिले ते याच रीतीचे म्हणावे लागेल. प्लॅस्टिकचा प्राण्यांचा संच तुटला होता. त्यांनी सहा प्राणी मागितले आणि सांगितले, की जे मुलांनी पाहिलेले आहेत ते आधी करा. म्हणून शेळी, बैल, कोंबडी. हत्ती त्यांच्यातला पाहुणा. त्यालाच मुलांनी सर्वांत जास्त धुळीत लोळवले.

आता पैशाची गोष्ट. ती टाळून हा विषय पुरा होणार नाही. बेतणे, शिवणे, उलटणे, भरणे, कान, शेपटी, डोळे असे सगळे धरून एका हत्तीला पावणेदोन ते दोन तास लागतात. घरचे आवरून आई दिवसाला चार हत्ती करते. शिंपीदादा चिंध्या किलोच्या भावाने देतात. रेक्रॉन आणि दोरा धरून एका हत्तीमागे साधारण २५ रुपये जातात. एका दुकानदाराने आम्हांला हत्तीचे ६० रुपये देऊ केले. म्हणजे मेहनतीचे ३५, आणि चार हत्तींचे १४०. रोजगार हमी योजनेवर माती उचलणाऱ्या माणसाला महाराष्ट्रात २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये मजुरी ठरली होती. त्याच दुकानात आमच्या हत्तीवर २५० रुपयांची चिठ्ठी लागली होती. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, की बाई घरी बसून फावल्या वेळात करते, तिला खर्च काय? फावला वेळ कशाला म्हणतात हे मला त्या दिवसापासून कळेनासे झाले आहे. आईला तो कधी मिळालेला मी पाहिलेला नाही.

या बाबतीत मला वारली चित्रांची आठवण होते. लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचे काम परंपरेने सवाशिणींचे. त्याचे पैसे कोणी मोजत नव्हते. १९७० नंतरच्या काळात डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे हे चित्र कागदावर आणि कापडावर काढू लागले, त्यांची चित्रे परदेशांत गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. आज त्या चित्राला नाव आहे, किंमत आहे, आणि काढणाऱ्याची सही खाली असते. शिवणाला अजून सही नाही. आईने आता हत्तीच्या उजव्या तळव्यावर लाल दोऱ्याचे एक छोटे फूल भरायला सुरुवात केली आहे. ते कशाला, असे विचारले तर म्हणते, आपला आहे हे कळावे म्हणून. दुकानाला देणे बंद करून आम्ही सुट्टीच्या दिवसांत बोर्डीला स्वतः विकतो, १८० रुपयांना. सगळे खपतात असे नाही. पावसाळ्यात तर एकही नाही.

स्वतः विकायचे म्हटल्यावर कायदा समजून घेणे भाग पडले, आणि तो वाचण्याचे काम अर्थातच कॉलेजात जाणारीकडे आले. आयात होणाऱ्या स्वस्त खेळण्यांची २०१९ साली भारतीय गुणवत्ता परिषदेने तपासणी केली, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश नमुने सुरक्षिततेत नापास झाले. त्यानंतर केंद्र सरकारने खेळण्यांच्या गुणवत्तेविषयी २०२० साली आदेश काढला. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय. एस. आय. चिन्ह सक्तीचे झाले. मुलांच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु त्यासाठी परवाना लागतो, चाचण्या लागतात. एका शिलाई मशीनवर चार हत्ती करणाऱ्या बाईने ते कसे करावे? सुदैवाने त्याच आदेशात पुढे दुरुस्ती झाली. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिराने स्वतः करून विकलेल्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. नोंद झाली की ‘पहचान’ नावाचे ओळखपत्र मिळते. म्हणजे या कार्डावर आई ‘कारागीर’ असेल. हा शब्द मी तिला वाचून दाखवला तेव्हा तिने विचारले, की तो सुतारांसाठी असतो ना? अर्ज मी भरला आहे. व्यवसायाच्या रकान्यात गेली वीस वर्षे प्रत्येक कागदावर ‘गृहिणी’ लिहिले जात होते. तेथे या वेळी ‘कापडी खेळणी शिवणे’ असे लिहिले.

एक गोष्ट राहिली, ती दुरुस्तीची. घरी शिवलेला प्राणी फाटला तर फेकू नये. फाटलेल्या जागी वरून टाके घालत बसू नये, त्याने कापड आणखी ओढले जाते. पोटावरची जी शिडीची शिवण आपण शेवटी घातली तीच उसवावी, भरलेले काढावे, प्राणी पुन्हा उलटा करून आतून ठिगळ लावावे, भरलेले धुऊन उन्हात वाळवावे आणि परत भरावे. आमच्या अंगणवाडीतला हत्ती असा दोनदा उलटा झाला आहे. ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी हत्ती, ससा, शेळी आणि कोंबडी यांचे नमुने माझ्याकडे आहेत. मधल्या सुट्टीत मुलींच्या खोलीत मी असते. खाकी कागद आणि पेन्सिल आपापली आणावी.